सहा-पाच सेल्मो

सान इलारियो आणि आजूबाजूच्या पाच गावांत बास्केटबॉलच्या जेवढ्या रिंगा आहेत, तेवढ्या सगळ्या सेल्मो दुमलाओच्या हातच्या. खिडक्यांच्या जाळ्या, फाटकं, ट्रायसिकलचे, म्हणजे तीनचाकी रिक्षांचे, सांगाडे हे सगळं तो पोटासाठी करतो. रिंग लावताना मात्र त्याच्या वाऱ्याला कुणी उभं राहायचं नाही. जमिनीपासून दहा फूट म्हणजे दहा फूट. पोलादी टेप लावणार, शिडी उतरणार, एक कॉफी पिणार, पुन्हा चढून पुन्हा टेप लावणार. एका गावच्या पोरांनी एकदा गळ घातली, "कुया, अहो दादा, चार बोटं खाली घ्या ना, म्हणजे आम्हालाही वरून चेंडू कोंबता येईल." सेल्मोने शिडी खांद्यावर टाकली आणि तो सरळ घरी निघून आला. त्या गावच्या कप्तानाला, म्हणजे सरपंचाला, स्वतः येऊन त्याची मनधरणी करावी लागली.

मापाच्या बाबतीत हा माणूस एवढा कडक का, हे कुणी विचारत नाही. सगळ्यांना ठाऊक आहे. मापानेच त्याचा घात केला होता.

सेल्मो जन्मला तोच लांबडा, असं त्याची आई सांगायची. बाराव्या वर्षी तो शाळेच्या दारातून वाकून जायला लागला आणि कालव्याचा पाटकरी पोल्दो याची नजर त्याच्यावर पडली. पोल्दोचं काम पाण्याची फाटकं उघडायची आणि बंद करायची. ते दिवसातून दोनदाच असे, म्हणून उरलेला सगळा दिवस तो गावाच्या संघाला शिकवण्यात घालवी. स्वतः तो कुठल्या मोठ्या संघात कधी खेळला नव्हता. गळ्यात शिटी, पायात रबरी सपाता, आणि आवाज असा की पलीकडच्या गावच्या कोंबड्या दचकत. त्याला सगळे कोच म्हणत. त्याची बायकोसुद्धा.

मैदान एकच होतं आणि ते गावाचं सगळं काही होतं. अर्ध्यावर भात वाळत पडलेलं असे, अर्ध्यावर खेळ चाले. चेंडू भातात गेला तर ज्याच्या हातून गेला त्याने दाणा न् दाणा गोळा करून द्यायचा. लग्नाचं जेवण तिथेच, निवडणुकीची भाषणं तिथेच, आणि मेलेल्या माणसाला निरोप द्यायला सात दिवस बसायचं तेही तिथेच. पोरं सपाता घालून खेळत. सपात तुटली की ती हातात घेऊन खेळत. आज सगळ्यांच्या पायात बूट आहेत, पण तेव्हाच्या त्या सपातांचा फटफट आवाज आठवला की सेल्मोला अजून गलबलून येतं. ते दिवस सोन्याचे होते. गरिबीचे होते, पण सोन्याचे होते.

कोचचा एक नियम होता. उंच पोराने चेंडू जमिनीला लावायचा नाही.

"चेंडू जमिनीला लागला म्हणजे बुटक्यांच्या राज्यात गेला," कोच म्हणे. "तुझं राज्य वर. वरच्या वर झेल, वरच्या वर टाक."

बाकीची पोरं चेंडू आपटत सैरावैरा धावत. सेल्मो रिंगखाली दोन्ही हात वर करून उभा. एकदा, चौदाव्या वर्षी, न राहवून त्याने चेंडू आपटत आपटत अर्धं मैदान पार केलं. तेवढंच. कोचने शिटी मारून खेळ थांबवला आणि त्याला सगळ्यांदेखत भाताच्या कडेला उभं केलं.

"नारळाचं झाड कधी पळताना बघितलंस का रे?"

"नाही, कोच."

"मग?"

पोरं खिदळली. सेल्मोही हसला. त्याला त्यात वावगं काही वाटलं नाही, कारण उभ्या उभ्याच तो प्रत्येक सामन्यात तीस-तीस गुण घेत होता आणि पाचही गावांत त्याला अडवणारा कुणी नव्हता.

दर मार्चमध्ये त्याच्या वाढदिवसाला मैदानावर जत्रा भरे. मैदानाच्या टोकाला एक जुना लाकडी खांब आहे, गावातली पहिली रिंग त्यावर टांगलेली होती. त्या खांबाला पाठ लावून सेल्मोने अनवाणी उभं राहायचं आणि कोचने त्याची उंची मोजायची. टेप असे कोचच्या बायकोची, चोलेंगची; गाव मानाने तिला आलिंग, म्हणजे मावशी, म्हणे. ती गावची शिंपीण. संघाचे सदरे तीच शिवायची, पाठीवरचे आकडे रंगीत कापडातून कापून टाके घालायची. तिची ती पिवळी टेप साठ इंचांची. एवढ्या पोराला एक टेप कुठून पुरणार? कोच आधी खालून साठ इंच धरी, तिथे अंगठ्याच्या नखाने खूण करी, आणि खुणेवर टेपेचं टोक पुन्हा ठेवून वर जाई. मग सुरीने खांबावर खाच पाडून तो आकडा ओरडे. सगळं गाव तो आकडा त्याच्यामागून ओरडे. मग गोड बर्फाच्या कांड्या वाटल्या जात.

चोलेंगची एक खोड होती. माप घेताना ती तोंडाने चाळीस म्हणे आणि वहीत एकोणचाळीस लिही. "आलिंग चोलेंग इंच खाते," असं लोक म्हणत आणि तिच्या तोंडावरही म्हणत. ती नुसती हसे. कपडे अंगाला असे बसत की भांडायला जागाच उरत नसे.

बाविसाव्या वाढदिवसाला कोचने सर्वांत वरची खाच पाडली. "सहा फूट पाच!" तो ओरडला. पाचामुखी परमेश्वर म्हणतात, इथे तर पाचशे तोंडं होती. त्या दिवसापासून सेल्मो हा सहा-पाच सेल्मो झाला. कोचने आकडा राजधानीत, मनिलाला, लिहून पाठवला, मनिलाचे लोक येऊन त्याचा एक सामना बघून गेले, आणि नवे गडी घेण्याच्या त्या वर्षीच्या निवडीत सार्डिन माशांचे डबे बनवणाऱ्या एका कंपनीच्या संघाने त्याला सहाव्या क्रमांकावर उचललं. कप्तानाचा टीव्ही मैदानावर आणून ठेवला होता. पडद्यावर 'दुमलाओ, ६ फूट ५' अशी अक्षरं आली, आणि कोच पोल्दो, ज्याला आईच्या मरणातही कुणी रडताना पाहिलं नव्हतं, तो भाताच्या ढिगावर बसून हमसून हमसून रडला.

बस सुटताना सगळ्यांनी सल्ले दिले. आईने सांगितलं, जेवत जा. बोयेतने, म्हणजे त्याच्या लहानपणापासूनच्या मित्राने, सांगितलं, फुकटच्या सार्डिन पाठव. आलिंग चोलेंग खिडकीशी आली आणि हळूच म्हणाली, "बाळा, तिकडे उंची मोजायची झाली तर सकाळी मोजायला सांग. उठल्या उठल्या. माणूस सकाळी जरा लांब असतो."

सेल्मो हसला. त्याला वाटलं, म्हातारी काहीतरीच बोलते.

मनिलात त्यांनी त्याला दुपारी मोजलं. अनवाणी, भिंतीला लावलेल्या लोखंडी पट्टीशी. सहा फूट तीन.

दोन इंच ते काय, असं तुम्हाला-मला वाटेल. रिंगखाली उभ्या राहणाऱ्या माणसाला दोन इंच म्हणजे शेतकऱ्याला दोन पाऊस. तिथले रिंगखालचे गडी सहा-सहा, सहा-आठ. त्यांच्या काखेतून सेल्मोला रिंग दिसायची. प्रशिक्षक म्हणाला, ठीक आहे, सहा-तीनचा गडी बाहेरून खेळतो, चेंडू घेऊन ये बघू पुढे. सेल्मोने चेंडू जमिनीला लावला आणि तो चेंडू त्याच्याच गुडघ्याला लागून प्रेक्षकांत गेला. वर्तमानपत्रांना आयतंच कोलीत मिळालं. 'उरलेले दोन इंच बसमध्ये विसरले काय?' असा मथळा आला होता. सान इलारियोत तो पेपर दोन दिवसांनी पोचला आणि कुणीतरी तो गुपचूप जाळला. दोन हंगाम तो बाकावर बसला, मग संघातून त्याचं नाव काढून टाकलं. पुढे चार-पाच वर्षं उरुसासारख्या गावोगावच्या सणांत भाड्याने खेळला, गुडघा गेला, आणि एका दुपारी पिशवी घेऊन तो परत आला.

तो आला तो आधी आईकडे नाही, मैदानावर गेला. कोच पोरांना शिकवत होता.

"तुम्ही खोटं का सांगितलंत?" सेल्मोने विचारलं.

"काय खोटं?"

"सहा-पाच. जगाने मला खोटारडा म्हटलं. मी नव्हतो. तुम्ही होतात."

कोच पांढराफटक पडला. "या हातांनी मोजलंय मी तुला. पाचशे माणसांदेखत. तूच तिथे जाऊन आकसलास. पोक काढून चाललास, भिऊन चाललास, म्हणून आकसलास!"

त्यानंतर सत्तावीस वर्षं दोघे एकमेकांशी बोलले नाहीत. चार घरांचं अंतर. कोचला छपराचा पत्रा जोडून हवा असला की तो बोयेतला म्हणे, "त्या सार्डिनला सांग." सेल्मो जाऊन पत्रा जोडून देई, पण कोच बाहेर गेलेला असताना. चोलेंग त्याला कॉफी देई, काहीतरी बोलावंसं वाटून ओठ हलवी, आणि मूग गिळून आत जाई. सदऱ्याला बटण लावून घ्यायला मात्र सेल्मो तिच्याचकडे जात राहिला. नाही तरी त्याच्या हाताच्या लांबीचं माप तिच्याशिवाय कुणाला ठाऊक होतं?

यंदा सुगीच्या ऐन भरात आलिंग चोलेंग गेली. एक्क्याऐंशी वर्षांची होती. शवपेटी मैदानावर रिंगसमोर ठेवली, वर ताडपत्री, बाजूला फुलं आणि मेणबत्त्या. सात दिवस चेंडू आपटायचा नाही. सात दिवस झाडूही मारायचा नाही, नाहीतर घरातली आणखी माणसं झाडली जातात असं म्हातारीकोतारी सांगतात. पण मैदानाच्या दुसऱ्या अर्ध्यावर भात वाळत होतं आणि ते उलटावं तर लागणारच. मग चार म्हाताऱ्यांनी बसून न्याय केला, की दाताळं म्हणजे काही झाडू नव्हे. चोलेंगला तो न्याय ऐकून फार हसू आलं असतं.

सेल्मो रोज येई. दुपारी, कोच झोपायला गेला की. पेटीच्या काचेपाशी उभा राही, काचेवर आसवाचं टिपूस पडणं अशुभ म्हणून मागे सरे, आणि जाई.

पाचव्या दिवशी कोचची मुलगी मारिलू त्याच्या दुकानात आली. "कुया सेल्मो, आईच्या सिमेंटच्या थडग्याला तोंडावर जाळी हवी. शनिवारी पुरायचंय. मी तोंडाचं माप आणलंय." कागदावर लिहिलं होतं, उंची तीस, रुंदी छत्तीस.

सेल्मोने ती जाळी जीव ओतून केली. मध्ये क्रूस, क्रूसाखाली कात्रीचा आकार. शुक्रवारी दुपारी बोयेतच्या ट्रायसिकलमध्ये घालून त्याने ती दफनभूमीत नेली. जाळी बसेना. इकडून लावली, तिकडून लावली. इंचभर मोठी, उंचीलाही आणि रुंदीलाही.

बोयेत कपाळाला हात लावून म्हणाला, "सार्डिन, डबा लहान झाला रे. मासा मोठा केलास."

"माझ्या हातून मापाची चूक होत नाही."

"मग काय थडगं आकसलं?"

सेल्मोने त्याच्याकडे असं बघितलं की बोयेत ट्रायसिकलची काच पुसायला लागला. सेल्मोने पोलादी टेप लावली. एकोणतीस, पस्तीस. तो तसाच मैदानावर गेला. मारिलू एका कोपऱ्यात बसून काळ्या फिती कापत होती.

"माप कोणी घेतलं?"

"मीच. का?"

"कशाने?"

"आईच्या टेपेने." तिने मांडीवरची पिवळी टेप उचलून दाखवली.

सेल्मोने ती हातात घेतली. रंग विटला होता, पण आकडे स्वच्छ होते. टोकाला निळ्या दोऱ्याची बारीक, सुबक टीप होती. टिपेनंतर पहिला आकडा होता दोन.

"याचा एक कुठे गेला?"

"अगं बाई!" मारिलूने जीभ चावली. "ते आईने इस्त्रीखाली जाळलं होतं. मी पहिलीत असेन तेव्हा. जळकं कापून टीप घातली आणि तशीच वापरायची. मनातल्या मनात एक वजा करायची ना ती. मी विसरलेच. माफ कर हं, कुया, लोखंड वाया गेलं."

"कोचना माहीत होतं?"

"बाबांना? त्यांना घरात कात्री कुठे असते हे माहीत नाही."

सेल्मो उठून त्या जुन्या खांबापाशी गेला. जगातल्या झाडून सगळ्या वस्तू मोजणाऱ्या या माणसाने त्या एका खांबाला सत्तावीस वर्षांत टेप लावली नव्हती. आज लावली. खालपासून सर्वांत वरच्या खाचेपर्यंत. पंच्याहत्तर इंच. सहा फूट तीन. मग त्याने पिवळी टेप लावली, कोच लावायचा तशी. खालून साठ, तिथे नखाची खूण, खुणेवर टोक, आणि वर सतरा. सत्त्याहत्तर. सहा फूट पाच. एक इंच खाली गेला होता, आणि एक इंच वर. एकच जळका इंच, दोनदा मोजलेला.

म्हणजे कोच खोटं बोलला नव्हता. आणि आलिंग चोलेंगला ठाऊक होतं. ती शिवत होती त्याचे कपडे, तिला नसेल ठाऊक तर कुणाला? पाचशे माणसं नाचत असताना, आपला नवरा आयुष्यात पहिल्यांदा एवढा मोठा झालेला असताना, तिने काय बोलायचं होतं? बोलली ती बसच्या खिडकीशी. सकाळी मोजायला सांग, बाळा. तेवढंच तिला जमलं. सेल्मो खांबाला कपाळ टेकवून उभा राहिला. त्याला तिचा राग यायला हवा होता, तो येईना. सत्तावीस वर्षं एका निर्दोष म्हाताऱ्याला तोंड दाखवलं नाही, याचीच लाज वाटत होती.

बोयेत मागे येऊन उभा होता. त्याने टेप पाहिली, खाच पाहिली, आणि त्यालाही उमगलं.

"जा ना मग," तो म्हणाला. "म्हाताऱ्याला सांग, म्हणावं तुम्ही खरे होतात, टेप खोटी होती. संपलं भांडण."

हे सेल्मोलाही सुचलं होतं. तो ताडपत्रीकडे वळला. तीन वाजले होते, कोच झोपेतून उठून पेटीशेजारी प्लास्टिकच्या खुर्चीत येऊन बसला होता. शहाऐंशी वर्षांचा झाला होता, डोळ्यांत मोतीबिंदू, पण आवाज तसाच. भेटायला आलेल्या शेजारगावच्या बायकांना तो सांगत होता.

"अठ्ठावन्न वर्षांचा संसार. अठ्ठावन्न वर्षांत हिचा एक टाका चुकला नाही. एक माप चुकलं नाही. विचारा कुणालाही. लोक म्हणायचे इंच खाते. खाऊ दे की! कपडा बसला की नाही अंगाला?"

सेल्मोचे पाय थांबले.

हे कसं सांगायचं? कोचला खरं ठरवायचं तर चोलेंगला चुकीचं ठरवावं लागणार. तेही तिच्या पेटीपाशी, उद्या तिला पुरायचं असताना. आणि नाही सांगितलं, तर हा माणूस आणखी किती दिवसांचा? एक दिवस यालाही इथेच ठेवतील, आणि आपण याच्याही काचेपाशी दुपारचे येऊन उभे राहू, मनात ते सगळं तसंच घेऊन. सेल्मोने पिवळी टेप मुठीत आवळली आणि तो पुढे झाला.

"कोच."

सत्तावीस वर्षांनी तो शब्द त्याच्या तोंडून निघाला. बायकांनी वळून पाहिलं. पलीकडे पत्ते कुटणारे थांबले. म्हाताऱ्याने आवाजाच्या दिशेने मान वर केली आणि करतच राहिला, कारण सेल्मोचं तोंड फार वर होतं.

"कोच, माझं माप घ्या."

"काय?"

"माप घ्या माझं. आलिंग चोलेंगच्या टेपेने. खांबाशी."

कोच खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठला. "सपाता काढ," तो म्हणाला.

खांबाला पाठ लावून सेल्मो अनवाणी उभा राहिला. कुणी स्टूल आणलं, मारिलूने बापाला कमरेला धरलं. कोच आधी खाली वाकला, टेपेचं टोक जमिनीला टेकवलं, साठपर्यंत आला, नखाने खूण केली. नख आता पूर्वीसारखं टणक नव्हतं, म्हणून त्याने ती तीनदा केली. मग स्टुलावर चढला. सेल्मोला त्याच्या श्वासाची घरघर ऐकू येत होती. छप्पन्नाव्या वर्षी माणूस बाविसाव्यासारखा उरत नाही, एखादं बोट वय खातंच. आणि ज्या सेल्मोने आयुष्यात कुणाला अर्धं बोट माफ केलं नव्हतं, त्याने टाचा किंचित वर उचलल्या. फक्त बोयेतने ते पाहिलं, आणि तो घाईने आभाळाकडे बघायला लागला.

"मारिलू, आकडा वाच. मला दिसत नाही."

मारिलूने टेप पाहिली. तिने सेल्मोकडे पाहिलं. मग टेपेच्या टोकाची निळी टीप, खांबावरची नखाची खूण, खाच, सगळं तिच्या डोळ्यांपुढून गेलं असावं, कारण तिचा चेहरा एकदम बदलला. ती शिंपिणीची मुलगी होती.

"सतरा, बाबा," ती म्हणाली. "साठ आणि सतरा."

"सहा-पाच!" कोच ओरडला. दफनभूमीपर्यंत ऐकू गेलं असेल. "ऐकलंत? ऐकलंत सगळ्यांनी? सत्तावीस वर्षं! मी काय सांगत होतो?"

"तुमचं बरोबर होतं, कोच," सेल्मो म्हणाला. "मनिलावाल्यांची पट्टी खोटी होती. मीच मूर्ख, त्यांचं ऐकलं."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मयताच्या ठिकाणी टाळ्या वाजवू नयेत हे कुणाच्या लक्षातच आलं नाही. कोचला स्टुलावरून उतरवून तिथेच खांबापाशी आणलेल्या खुर्चीत बसवलं. तो हसत होता, डोळे पुसत होता, टेप बोटांना गुंडाळत होता. सेल्मो त्याच्या पायांशी जमिनीवर बसला, म्हणजे दोघांची तोंडं सारख्या उंचीवर आली.

मग कोचचं हसू हळूहळू थांबलं.

"मग काय झालं रे?" त्याने विचारलं. आवाज पहिल्यांदाच लहान झाला होता. "सहा-पाच होतास ना? मग टिकला का नाहीस?"

सेल्मोला हे सुचलं नव्हतं. सत्तावीस वर्षं ते दोन इंच त्याच्या बाजूने साक्ष देत होते. आज त्याने ते आपल्या हाताने परत देऊन टाकले होते, आणि आता लपायला काही उरलं नव्हतं.

"मला चेंडू जमिनीला लावता येत नव्हता, कोच," तो म्हणाला. "रिंगखाली माझ्याहून उंच होते. बाहेरून खेळ म्हणाले. मला चेंडू घेऊन चार पावलं चालता येईना. लहान पोरांना येतं ते मला येत नव्हतं."

कोचने टेपेची गुंडाळी सोडली, पुन्हा गुंडाळली, पुन्हा सोडली. पेटीपाशी मेणबत्ती एकीकडे वितळून वाहत होती, तिकडेही कुणी बघत नव्हतं.

"ते माझं," तो शेवटी म्हणाला.

"कोच, तसं नाही..."

"गप. ते माझं. तू चेंडू आपटत अर्धं मैदान आला होतास एकदा. चांगला आला होतास. अजून दिसतं मला, डोळे गेले तरी." त्याने हात पुढे करून सेल्मोचं डोकं चाचपलं. "मीच शिटी मारली."

सेल्मोने डोकं हलवलं नाही. दोघेही रडले, आणि पेटीपासून लांब होते म्हणून कुणी त्यांना आवरलं नाही.

शनिवारी चोलेंगला पुरलं. झाकण बंद करण्यापूर्वी कोचने तिची टेप मागितली, तिच्या हाताखाली ठेवली आणि म्हणाला, "असू दे तिच्यापाशी. तिकडेही कुणाचे तरी सदरे शिवायचे असतील." जाळी सेल्मोने आदल्या संध्याकाळी नव्याने जोडली होती, एकोणतीस बाय पस्तीस. ती सहज बसली. घरी परतताना मारिलू त्याच्या बाजूने चालत होती. ती वाटभर त्याच्या सदऱ्याची बाही धरून चालली.

सोमवारी सकाळी लोकांनी भात पोत्यांत भरलं आणि आठ दिवसांत पहिल्यांदा मैदान झाडून काढलं. सेल्मो दुकान उघडायला निघाला होता, तोच बोयेत धापा टाकत आला.

"चल. म्हाताऱ्याने बोलावलंय. तुलाच. माझ्यामार्फत नाही, म्हणजे माझ्यामार्फतच, पण... चल तू!"

कोच मैदानाच्या कडेला खुर्चीत बसला होता. गळ्यात शिटी होती. मांडीवर चेंडू होता, गावातला जुना, एका बाजूने टक्कल पडलेला. सेल्मो जवळ आल्याचं पावलांवरून ओळखून त्याने चेंडू त्याच्या छातीवर फेकला. सेल्मोचे हात सवयीने वर गेले. त्याने चेंडू डोक्यावर, वरच्या वर, धरला.

"खाली," कोच म्हणाला. "जमिनीला लाव."

"कोच, माझा गुडघा..."

"गुडघ्याने लावायचा नाही, हाताने लावायचा. त्या टोकापासून या टोकापर्यंत. मला दिसत नाही, पण ऐकू येतं. चल."

सेल्मोने चेंडू जमिनीला लावला. एकदा. दोनदा. वाकावं कसं हेच त्याच्या पाठीला कळेना. बोयेत तोंडावर हात दाबून हसत होता, भाताची पोती रचणारे काम सोडून बघत होते. छप्पन्न वर्षांचा, सहा फूट तीन इंचांचा माणूस सकाळच्या उन्हात चेंडू आपटत चालला होता, आणि म्हातारा मान तिरकी करून प्रत्येक टप्पा मोजत होता. सातव्या टप्प्याला चेंडू सेल्मोच्या पायाला लागला आणि पोत्यांमागे गेला.

शिटी वाजली.

सेल्मो जागच्या जागी थबकला. चौदा वर्षांचा असताना थबकला होता तसा.

"पुन्हा," कोच म्हणाला.